विषाची चाहूल

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाने दूषित झालेल्या पाण्याची लक्षणे सांगितली आहेत. असे पाणी बुळबुळीत होते, त्याला उग्र दर्प येतो, त्यावर फेस धरतो आणि रेषा उमटतात. त्यातील मासे व बेडूक मरतात आणि काठावर वावरणारे पक्षी वेडावल्यासारखे भटकू लागतात. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजवाड्यात पक्षी बाळगण्यास सांगितले आहे, तेही याच हेतूने. सर्पविषाची शंका येताच पोपट व मैना ओरडतात, विषाजवळ क्रौंच धुंदावतो, कोकीळ मरतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, असे तो सांगतो. आजचे पक्षिशास्त्रज्ञ यातील किती मान्य करतील, हा प्रश्न निराळा. पण त्यामागची कल्पना सरळ आहे. जे विष माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या परीक्षेसाठी दुसऱ्या एखाद्या जिवाला साक्षीला बोलवावयाचे.

विसाव्या शतकात या साक्षीदाराचे रूप पालटले. पक्षी गेला, बेडूक गेला, आणि त्यांच्या शरीरात काम करणारा एक रेणू त्यांच्या जागी आला. हा रेणू धातूच्या किंवा कार्बनच्या विद्युत् अग्रावर बसवावयाचा, ते अग्र पाण्याच्या संपर्कात आणावयाचे, आणि रेणूचे काम चालू आहे की थांबले आहे हे विजेच्या मोजमापावरून ओळखावयाचे, अशी ही युक्ती आहे. शास्त्राच्या परिभाषेत तिला एंझाइमावर आधारलेला विद्युत् रासायनिक जैवसंवेदक असे भारदस्त नाव आहे. नाव अवघड असले, तरी त्यामागची हकीकत अवघड नाही. युद्ध, शेती आणि शस्त्रक्रिया अशा तीन निरनिराळ्या वाटांनी ती आलेली आहे, आणि त्या वाटा जेथे मिळाल्या तेथे पाण्याचा विचार प्रथम कोणाच्याच मनात नव्हता.

एंझाइमे म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारी द्रव्ये. कापून ठेवलेले वांगे काळे पडते, ते अशाच एका एंझाइमामुळे. हायडलबर्गच्या व्हिल्हेल्म क्यूने या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात त्यांना हे नाव दिले. परंतु ती नेमकी कशाची बनलेली असतात, याविषयी पुढची पन्नास वर्षे वाद चालू राहिला. तो वाद मिटविण्याचा पहिला मान अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स समनर यांचा. सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते मूळचे डावखुरे होते. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या नादी लागू नये, असा सल्ला त्यांना मिळाला. तो न ऐकता त्यांनी अबईच्या जातीच्या बियांमधून युरिएज हे एंझाइम वेगळे काढण्याचा ध्यास घेतला. प्रयोगशाळेत शीतकपाट नसल्यामुळे द्रवाची भांडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून त्यांना थंड रात्रीची वाट पाहावी लागे. १९२६ साली त्यांना युरिएजचे स्फटिक मिळाले आणि एंझाइम हे प्रथिन असते असे त्यांनी जाहीर केले. जर्मनीतील थोर थोर रसायनज्ञांना ते पटले नाही. नोबेल पारितोषिक येण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

एंझाइम हे प्रथिन आहे, ही गोष्ट पुढील कथेत फार महत्त्वाची ठरते. प्रथिन नाजूक असते. त्याची घडी उष्णतेने मोडते, आम्लाने मोडते, आणि विशिष्ट विषांनी त्याच्या कामाची नेमकी जागा बंद पडते. पारा, चांदी, तांबे यांसारख्या धातूंचे अंश युरिएजला निकामी करतात, म्हणूनच पाण्यातील अशा धातूंचा माग काढण्यासाठी पुढे त्याचा उपयोग झाला. तथापि या इतिहासाचा नायक युरिएज नव्हे. तो मान कोलिनएस्टरेज या एंझाइमाचा आहे, आणि त्याची गोष्ट पश्चिम आफ्रिकेत सुरू होते.

आज नायजेरियात मोडणाऱ्या कॅलाबार प्रदेशात आरोपीला दिव्य करावयास लावीत. एका वेलीची विषारी बी त्याला खाऊ घालीत. ती पचून जगला तर तो निर्दोष, मेला तर अपराधी. युरोपीय रसायनज्ञांनी १८६४ साली या बीमधून फायसोस्टिग्मीन हे द्रव्य वेगळे काढले. ते शरीरात नेमके काय करते, हे कळावयास आणखी साठ वर्षे गेली. ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवून दिले होते, की मज्जातंतू हृदयापर्यंत आपला संदेश एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोहोचवतात. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. संदेश पोहोचताच हा निरोप्या नाहीसा व्हावा लागतो, नाही तर स्नायू आखडलेलेच राहतील आणि श्वास थांबेल. त्याला नाहीसे करणारे एंझाइम फायसोस्टिग्मीनमुळे बंद पडते, असे लोवी आणि त्यांचे सहकारी नावरातिल यांनी १९२६ साली सिद्ध केले. एडिंबरोच्या स्टेडमन पतिपत्नींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली घोड्याच्या रक्तरसात असे एंझाइम शोधून त्याला कोलिनएस्टरेज असे नाव दिले. दिव्याच्या बीचे रहस्य उलगडले ते असे. आरोपीच्या अंगातील एक एंझाइम ती बी थांबवीत असे, इतकेच.

यानंतर चारच वर्षांनी, १९३६ साली, जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनज्ञ पिकांवरील किडींसाठी नवे औषध शोधीत असताना त्यांच्या हाती फॉस्फरसचे एक अतिविषारी संयुग लागले. पुढे टाबुन या नावाने कुप्रसिद्ध झालेला युद्धवायू तो हाच. त्याच कुळातील पॅराथिऑन हे कीटकनाशक त्यांनी १९४४ साली तयार केले. एक रणांगणासाठी, दुसरे शेतासाठी; पण दोघांचे काम एकच. कोलिनएस्टरेजच्या कामाच्या जागी ही संयुगे घट्ट चिकटून बसतात आणि ते एंझाइम बंद पडते. किडीच्या शरीरात जे घडते, तेच माणसाच्याही शरीरात घडते. प्रमाण तेवढे निराळे.

महायुद्ध संपल्यावर ही कीटकनाशके जगभर शेतांत पोहोचली. भारताला त्यांची भीषण ओळख १९५८ साली पटली. जहाजातून येताना पॅराथिऑन सांडून दूषित झालेले धान्यपीठ व साखर केरळात पोहोचली आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला, आणि कीटकनाशकांचे उत्पादन, वाहतूक व विक्री यांवर नियंत्रण आणणारा कायदा १९६८ साली झाला. त्या माणसांनी खाल्लेल्या अन्नाकडे पाहून कोणाला संशय यावा असे त्यात काही नव्हते. सुश्रुताने सांगितलेला फेस तेथे नव्हता आणि रेषाही नव्हत्या.

आता दुसऱ्या वाटेकडे वळावयास हवे. ती शस्त्रक्रियेच्या मेजावरून निघते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची रीत बुडापेस्टच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ साली दिली होती. बाटलीत पाणी घ्यावयाचे, रसायने घालावयाची आणि रंग पालटेपर्यंत थेंब थेंब मोजावयाचे. नदीच्या आरोग्याची परीक्षा जगभर याच रीतीने होई, आणि ती चांगली होती. पण रक्तात ती चालण्यासारखी नव्हती. अमेरिकेतील ओहायओ राज्यात लेलंड क्लार्क हे शास्त्रज्ञ हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताला ऑक्सिजन पुरविणारे यंत्र तयार करीत होते. त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे आपण मोजलेले नाही, अशा कारणाने त्यांचा एक निबंध संपादकांनी परत पाठविला. ही नापसंती शास्त्राच्या पथ्यावर पडली. प्लॅटिनमच्या अग्रावर ऑक्सिजनामुळे विद्युत् प्रवाह निर्माण होतो हे आधीच ठाऊक होते. अडचण एवढीच होती, की रक्तातील प्रथिने त्या अग्रावर साचून ते निकामी करीत. क्लार्क यांनी १९५४ साली दोन्ही अग्रे पॉलिएथिलिनच्या एका पातळ पापुद्र्याखाली बंद केली. ऑक्सिजन पापुद्र्यातून आत जाई, प्रथिने बाहेर राहत. १९५६ साली हे उपकरण प्रसिद्ध झाले आणि क्लार्क अग्र या नावाने ते रुग्णालयांत जसे गेले, तसेच नदीकाठीही गेले. विंक्लरांच्या बाटल्यांचे काम पुष्कळ ठिकाणी त्याने हलके केले.

क्लार्क तेवढ्यावर थांबले नाहीत. अग्रापर्यंत केवळ ऑक्सिजनच पोहोचत असेल, तर ऑक्सिजन खाणारे एखादे एंझाइम वाटेत बसवून दुसऱ्या पदार्थाचे मोजमाप का करू नये, असा विचार त्यांनी केला. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम ग्लुकोजबरोबर ऑक्सिजन खर्ची घालते. दोन पापुद्र्यांच्या मध्ये हे एंझाइम कोंडले, की रक्तात साखर जितकी अधिक, तितका अग्राला मिळणारा ऑक्सिजन कमी. क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली ही कल्पना न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात मांडली. जैवसंवेदकांच्या बहुतेक इतिहासांचे पहिले पान याच निबंधाने उघडते.

पण त्याच १९६२ साली आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला होता, आणि पाण्याच्या दृष्टीने पाहता त्याचे महत्त्व तसूभरही कमी नाही. अमेरिकन लष्कराच्या मेरिलंड राज्यातील एजवुड येथील रासायनिक प्रयोगशाळेत जॉर्ज गिल्बॉल्ट, क्रेमर व कॅनन हे तिघे काम करीत होते. शत्रूने युद्धवायू सोडला तर त्याची सूचना वेळेवर कशी मिळावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी विषाचाच मार्ग विषाच्या शोधासाठी वापरला. कोलिनएस्टरेजला एक गंधकयुक्त पदार्थ खाद्य म्हणून दिला, की त्यातून थायोकोलीन निर्माण होते. प्लॅटिनमच्या अग्रावर थायोकोलीनचे सहज ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे एंझाइम कामावर आहे की नाही हे विजेच्या मापनाने तत्काळ कळते. त्यात फॉस्फरसयुक्त विषाचा अंश मिसळला, की एंझाइम मंदावते आणि मापनाचा काटा हलतो. एंझाइम किती मंदावले, यावरून विष किती हे काढता येते.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. क्लार्क यांच्या अग्रात साखर हे एंझाइमाचे अन्न होते. अन्न आले की एंझाइम काम करू लागे आणि त्या कामाचे मोजमाप होई. एजवुडच्या युक्तीत एंझाइम आधीपासून कामात गुंतलेले असे आणि त्याने काम थांबविणे हीच सूचना असे. रातकिड्यांची किरकिर एकाएकी थांबली, की रानातला माणूस सावध होतो. तशातलाच हा प्रकार. त्याचे सामर्थ्य यात आहे आणि पुढे कळून आलेले त्याचे दौर्बल्यही यातच आहे.

या कामासाठी एंझाइम कोठून आणावयाचे? घोड्याच्या रक्तरसाचा एक मार्ग होताच. दुसरा मार्ग अधिक विलक्षण आहे. डेव्हिड नाखमानसोन हे हिटलरच्या जर्मनीतून पॅरिसला गेलेले जीवरसायनज्ञ. पाकटाच्या जातीच्या टॉर्पेडो या समुद्री माशाच्या विद्युत् इंद्रियात कोलिनएस्टरेजचा प्रचंड साठा असतो, असे त्यांना १९३० नंतरच्या दशकात तेथे आढळले. ज्या अवयवाने हा मासा भक्ष्याला विजेचा झटका देतो, तो मूळच्या स्नायूंपासूनच घडलेला असल्यामुळे मज्जातंतूंचा सारा सरंजाम त्यात एकवटलेला असतो. पुढे अमेरिकेत त्यांनी दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधील विद्युत् वामेकडे मोर्चा वळविला. हा मासा खरा वामेच्या कुळातला नव्हे, केवळ दिसावयास तसा. पण प्रयोगशाळांना लागणारे कोलिनएस्टरेज पुढे पुष्कळ वर्षे त्याच्याच शरीरातून येत राहिले. सुश्रुताच्या तळ्यातील मासा असा वेगळ्या वाटेने परत आला. फरक एवढाच, की विषाची साक्ष देण्यासाठी आता सबंध माशाला पाण्यात मरावे लागत नव्हते.

रेणू हाती आला, तरी तो एका जागी टिकवून धरावयाचा प्रश्न उरला होता. एंझाइम पाण्यात विरघळते आणि वाहून जाते. बाउमन, गुडसन, गिल्बॉल्ट व क्रेमर या चौघांनी १९६५ साली कोलिनएस्टरेज स्टार्चच्या खळीत घट्ट करून फोमच्या तुकड्यावर बसविले. ग्लुकोज ऑक्सिडेजला जेलमध्ये बांधणारे अपडाइक व हिक्स यांचे प्रसिद्ध काम यानंतर दोन वर्षांनी झाले; पण साखरेच्या वाट्याला जी कीर्ती आली, ती या खळीच्या वाट्याला आली नाही. लुई गुडसन हे कॅन्सस शहरातील एका संशोधनसंस्थेत होते. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पर्यावरणरक्षणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा स्थापन झाली होती. तिच्यासाठी गुडसन व जेकब्ज यांनी या फोमभोवती एक स्वयंचलित यंत्र उभारले. पंपाने नदीचे किंवा नळाचे पाणी एंझाइमाच्या गादीतून जाई; मग पाणी थांबवून एंझाइमाला त्याचे खाद्य दिले जाई आणि प्लॅटिनमच्या अग्रांमधील दाब पाहिला जाई. एंझाइम जिवंत असेल तर दाब खाली राही; ते निकामी झाले असेल तर दाब चढे आणि काही मिनिटांत धोक्याची घंटा वाजे. पाण्यातील विषासाठी सतत पहारा करणारे एंझाइमाचे यंत्र म्हणून या उपकरणाला इतिहासात मानाचे स्थान द्यावयास हवे. युद्धासाठी निघालेली कल्पना येथे प्रथम नळाच्या पाण्याशी आली.

मग ही यंत्रे गावोगाव का बसली नाहीत? या प्रश्नाचे उत्तर साखरेच्या यशाशी ताडून पाहिल्यावर समजते. ग्लुकोजचे पहिले व्यापारी उपकरण १९७५ साली ओहायओतील यलो स्प्रिंग्ज येथून बाजारात आले. १९८४ साली ऑक्सफर्ड व क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी फेरोसीन या लोहयुक्त संयुगाला दलालासारखे मध्ये घालून एंझाइमातील इलेक्ट्रॉन थेट अग्रापर्यंत पोहोचविले, त्यामुळे ऑक्सिजनावर विसंबण्याचे कारण उरले नाही. १९८७ साली लेखणीएवढा मापक विकावयास आला, आणि आज बोटाच्या एका थेंबावरून घरच्या घरी साखर पाहणारी माणसे भारताच्या लहान गावांतही आढळतात. निरोगी माणसाच्या रक्तात एका लिटरमागे सुमारे एक ग्रॅम साखर असते. उलट पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची जी मर्यादा युरोपीय देशांनी १९८० साली घालून दिली, ती लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. एका संवेदकाने एक ग्रॅम शोधावयाचा तो एका लिटरात, दुसऱ्याने शोधावयाचा तो कोटी लिटरांत. शिवाय मधुमेही माणूस पट्टी रोज विकत घेतो. नदी काही विकत घेत नाही, आणि तिच्या वतीने विकत घेणारे फार थोडे असतात. शास्त्रातील अडचणींची चर्चा पुष्कळ होते. ही दुसरी अडचण मात्र निबंधांत सहसा आढळत नाही.

शास्त्रातील अडचणीही खऱ्याच होत्या. कोलिनएस्टरेज थांबले एवढे कळते, पण कशाने थांबले हे कळत नाही. पॅराथिऑन असो, कार्बामेट कुळातील एखादे औषध असो की तांब्याचा अंश असो, सूचना एकच. उन्हाळ्यातल्या उष्म्याने एंझाइम आपोआप मेले, तरी यंत्र विष आल्याचीच हाकाटी करी. आणखी एक गुंता अनपेक्षित होता. पॅराथिऑन, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारखी अनेक कीटकनाशके मूळ रूपात कोलिनएस्टरेजला फारशी दुखवीत नाहीत. त्यांच्यातील गंधकाची जागा ऑक्सिजनाने घेतली, म्हणजे ती जहाल होतात. प्राण्याच्या यकृतात हा पालट घडतो. एकाकी पडलेल्या एंझाइमाला यकृत कोठून असणार? म्हणून पाण्याच्या नमुन्यात आधी ब्रोमीन किंवा क्लोरीन घालून हा पालट घडवून आणावा लागतो. जलशुद्धीकरण केंद्रात जंतुनाशासाठी घातलेल्या क्लोरीनमुळेही हाच पालट होतो, हे येथे सांगून ठेवणे बरे. याउलट फॉस्फरसयुक्त विषाने निजलेले एंझाइम ऑक्झाइम जातीच्या औषधाने पुष्कळदा पुन्हा जागे करता येते. १९५० नंतरच्या दशकात विषबाधा झालेल्या रोग्यांसाठी जे औषध शोधले गेले, तेच संवेदकालाही लागू पडते.

दरम्यान १९५७ साली इंग्लंडमध्ये जेम्स लव्हलॉक यांनी गॅस क्रोमॅटोग्राफला इलेक्ट्रॉन ग्रहण करणारा अत्यंत संवेदनक्षम शोधक जोडला होता. हे यंत्र विषाचे नाव सांगते, प्रमाण सांगते, आणि न्यायालयात त्याची साक्ष टिकते. साहजिकच कायद्याने त्याला आपलेसे केले. पण त्यासाठी नमुना प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो, आणि तोपर्यंत नदी पुढे गेलेली असते.

१ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे हे अनुभवास आले. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ श्वाइत्सरहाले येथे शेतीच्या रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. सुमारे १३५० टन रसायने तेथे साठविलेली होती. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी त्यांतील काही टन विष घेऊन ऱ्हाईन नदीत उतरले. त्यात फॉस्फरसयुक्त कीटकनाशके होती आणि एक लाल रंगही होता, त्यामुळे नदी लाल झाली. खाली जवळजवळ चारशे किलोमीटरपर्यंत वामा मेल्या. त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास सांगतात. नदीवर अवलंबून असलेल्या जलकेंद्रांना पाणी घेणे थांबवावे लागले. मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या विषाची साक्ष पुन्हा एकदा माशांनी दिली. यात दैवाचा भाग असा, की आग दिसत होती आणि रंगही दिसत होता. रात्री गुपचूप सोडलेल्या रंगहीन विषाला ही दोन्ही लक्षणे नसतात. ऱ्हाईनच्या आपत्तीनंतर युरोपात पूर्वसूचना देणाऱ्या उपकरणांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली, आणि कोलिनएस्टरेजचा अभ्यास नव्या उमेदीने सुरू झाला.

या दुसऱ्या पर्वात विद्युत् वामेची जागा फळमाशीने घेतली. कीटकनाशक मुळात ज्याच्यासाठी बनविले, त्या कीटकाचेच एंझाइम त्याला अधिक हळवे असणार, हा तर्क बरोबर ठरला. फळमाशीच्या कोलिनएस्टरेजचा जनुक १९८६ साली हाती आला होता. फ्रान्समध्ये तुलूझ व पेर्पिन्यां येथील संशोधकांनी त्या एंझाइमाच्या घडणीत एकेका ठिकाणी फेरफार करून निरनिराळ्या विषांना निरनिराळ्या प्रमाणात बळी पडणारे वाण तयार केले. जर्मनीत श्टुटगार्टच्या बाखमान व श्मिड यांनी १९९९ साली वेगवेगळ्या प्राण्यांची एंझाइमे एकाच पट्टीवरील चार अग्रांवर बसविली. प्रत्येक अग्र किती मंदावले याचा मेळ गणकयंत्राने घातला, की पॅराऑक्सॉन कोणते आणि कार्बोफ्युरॉन कोणते हे वेगळे ओळखता येऊ लागले. एका साक्षीदाराला नाव सांगता येत नव्हते. चौघांच्या साक्षींतील फरकावरून ते काढता आले. फिनॉलसारख्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील द्रव्यांसाठी मात्र वांगे काळे पाडणाऱ्या एंझाइमाचे आप्तच उपयोगी पडले. फिनॉल हे त्यांचे अन्नच असल्यामुळे तेथे मरणाची वाट पाहावी लागत नाही.

फॉस्फरसयुक्त विष ज्याचे अन्न आहे, असे एखादे एंझाइम मिळाले तर? याचे उत्तर भाताच्या खाचरात सापडले, आणि ते शोधणाऱ्यांत एक भारतीय होते. एन. सेतुनाथन हे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेत काम करीत होते; पुढे कटकच्या केंद्रीय भातसंशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. फिलिपाइन्सच्या शेतात डायाझिनॉन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारल्यावर ते खाचरात पूर्वीसारखे टिकेनासे झाले होते. योशिदा यांच्यासह सेतुनाथन यांनी त्या पाण्यातून एक सूक्ष्मजंतू वेगळा काढला. तो हे विष फोडून टाकीत होता, आणि पॅराथिऑनही फोडीत होता. १९७३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. या जंतूच्या एंझाइमाने पॅराथिऑनचे तुकडे झाले, की त्यातून पॅरानायट्रोफिनॉल हा पिवळा पदार्थ निघतो, आणि अग्रावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह मिळतो. विष जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. कॅलिफोर्नियातील अशोक मुलचंदानी आणि जोसेफ वांग व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली या तत्त्वावर छापील पट्टीचा संवेदक तयार केला. ही पट्टी कोलिनएस्टरेजइतकी सूक्ष्म नाही, परंतु उष्म्याने किंवा तांब्याने ती फसून आरडाओरड करीत नाही, आणि एकदा विष मोजले की निकामीही होत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २००६ साली त्याच कुळातील सबंध जंतू काचतंतूंच्या कागदावर बसवून मिथिल पॅराथिऑनचा शोध घेतला. तेथे विजेऐवजी त्या पिवळ्या रंगाचेच मोजमाप केलेले होते.

भारतात या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले ते बाटलीबंद पाण्यामुळे. दिल्ली व मुंबई भागात विकल्या जाणाऱ्या अशा पाण्यात लिंडेन, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस इत्यादींचे अंश आढळल्याचे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २००३ साली जाहीर केले. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफवर झाली होती. त्यानंतर बाटलीबंद पाण्यासाठी ०.१ मायक्रोग्रॅमचीच मर्यादा आपल्या देशात लागू झाली. बाटलीला लेबल असते आणि परवाना असतो, म्हणून तिची तपासणी करता येते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर कपाशीच्या किंवा भाताच्या शेतातून ओढ्यात उतरणारे फवारणीचे पाणी काही तासांत निघून जाते. महिन्याकाठी एकदा भरलेल्या नमुन्याच्या बाटलीत ते सापडले तर योगायोगच म्हणावयाचा. अशा ठिकाणी नाव न सांगणारी, पण काही मिनिटांत ओरडणारी पट्टी उपयोगाची आहे. तिची साक्ष न्यायालयात टिकली नाही, तरी पाणी थांबविता येते आणि नमुना योग्य वेळी भरता येतो. कॅन्सस शहरात गुडसन यांच्या यंत्राला हेच काम नेमून दिलेले होते.

ऱ्हाईनच्या काठी आज तपासणीची केंद्रे आहेत. तेथे क्रोमॅटोग्राफ आहेत, ऑक्सिजनाची अग्रे आहेत. आणि त्यांच्या शेजारी काचेच्या लहान कक्षांत नदीचे पाणी सतत वाहते ठेवून त्यात जलपिसवा सोडलेल्या असतात. त्यांच्या पोहण्यावर कॅमेऱ्याची नजर असते. पोहण्याचा वेग एकाएकी पालटला, की केंद्रातील माणसाला सूचना जाते, आणि तो पाण्याचा नमुना भरून घेतो.